पंच्याण्णव थाऊ

दस्तगीर शिकलगारचं पत्र मला चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मिळालं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. म्हणजे मी पत्राकडे दुर्लक्ष केलं, असं कृपया कोणी समजू नये. मी ग्रंथपाल होतो. पत्र आलं त्याच दिवशी त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला, तारीख घातली, आवक नोंदवहीत चौदा हा क्रमांक दिला आणि शेजारच्या ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, ‘उत्तर देणे’. पेन्सिलीनं, कारण शाईनं लिहिण्याइतकी खात्री मला आयुष्यात कधी कशाची वाटली नाही. एकदाच वाटली होती.

त्याच्या आधीच्या दिवाळीतली गोष्ट. वाघजाईच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, वाचनालयाची जीप उभी होती. मी मागच्या चाकाला दगड लावून उभा होतो, आणि आमचे अध्यक्ष आप्पासाहेब खराडे बॉनेटवर हात ठेवून तिला समजावत होते.

“पुस्तकं किती हाईत आत?”

“दोनशे दहा,” मी म्हणालो.

“निम्मी काढली तर चढंल?”

“काल शंभर घेऊन पाहिलं. तिसऱ्या वळणापर्यंत आली.”

“आणि एकबी न्हाई घेतलं तर?”

“तर वरपर्यंत जाते.”

“बघा! म्हणजे गाडीत दोष न्हाई. पुस्तकंच जड हाईत.”

ही जीप आप्पासाहेबांनीच वाचनालयाला दिली होती. चार सिलिंडरची, पेट्रोलची, लष्कराच्या लिलावातून आलेली आणि त्यांच्या खडीच्या क्रशरवर पंधरा वर्षं राबून थकलेली. निकामी झालेली वस्तू दान करायची आपल्याकडे थोर परंपरा आहे. वाचनालयातली निम्मी पुस्तकं अशीच आली होती. घाटावरच्या पठारावर सात वाड्या होत्या. तिथे दर पंधरवड्याला पुस्तकं न्यायची, फिरतं वाचनालय काढायचं, असा ठराव झाला होता. वर्तमानपत्रात फोटोही आला होता. फोटोत जीप सपाटीवर होती.

नवं डिझेल इंजिन बसवावं अशी एक सूचना आली. “हे वाचनालय हाय, साखर कारखाना न्हवं,” आप्पासाहेब म्हणाले. मग आहे त्याच इंजिनातून, थोडक्यात, जास्त ताकद काढायची असं ठरलं आणि काम दस्तगीरकडे आलं.

दस्तगीरची शेड एसटी स्टँडच्या मागे होती. वय पस्तिशीचं, शिक्षण चौथी. बोलताना समोरच्याकडे न बघता इंजिनाकडे बघायचा, त्यामुळे मला त्याच्याशी बोलणं सोपं जाई. त्यानं दोन दिवसांत इंजिन खोललं आणि मला बोलावलं. सगळे भाग गोणपाटावर ओळीनं मांडले होते. माझ्या पुस्तकांपेक्षा नीट.

“सर, हे बघा. सिलिंडर झिजल्यात. बोअर करून एक साईज मोठं पिस्टन घालतो. व्हॉल्व्ह घासून बसवतो. कार्बोरेटर एका व्हॅनचा मिळालाय भंगारात, मोठ्या तोंडाचा, तो चढवतो. पण खरी ताकद पायजे असंल तर हेड घासाय लागणार.”

“म्हणजे?”

त्यानं इंजिनाच्या वरचं जाड लोखंडी झाकण उचलून उलटं केलं. “हे हेड. खालनं थोडं घासलं की आतली जागा कमी हुती. पेट्रोल-हवा जास्त दाबली जाती. दाबलं की जोर आला. लई स्वस्तातलं काम. निस्तं घासायचं.”

डोकं घासून ताकद वाढते हे मला नवं होतं. आमच्या कार्यकारी मंडळात उलटा अनुभव होता.

“किती घासायचं?”

“तिथंच खरी मेख हाय. कमी घासलं तर फरक पडत न्हाई. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह वर उठल्यावर हेडला टक्कर देणार. मग इंजिन संपलं. मी आपला अंदाजानं चाळीस थाऊ काढतो, मग बघत बघत पुढं.”

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मला ते ठाऊक नव्हतं, पण मान हलवली.

“काय हाय सर,” तो पुढे म्हणाला, “वाघजाई चढली तर आप्पासाहेब त्यांच्या दूध संघाच्या सहा जीपा माझ्याकडं देतो म्हणाल्यात. सहा! न्हाई चढली तर हाय तेच. पंक्चर काढत बसायचं.”

आणि इथे मला ते पुस्तक आठवलं.

एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरून आलेल्या पेटीत ते होतं. जुन्या गाड्यांच्या इंजिनांचं इंग्रजी पुस्तक, आकृत्या आणि तक्ते असलेलं. पानं सुटी झाली होती, म्हणून मी सुट्टीत त्याची स्वतः बांधणी केली होती. जुनी पुस्तकं बांधणं ही माझी एकमेव कला. शिवण, खळ, पुठ्ठा, पाठीला कापड, आणि शेवटी दाबात धरून कडा सरळ कापायच्या. माझ्या हातच्या कडा इतक्या सरळ यायच्या की दोनदा कोल्हापूरहून लोक बघायला आले होते. एकदा आले होते. दुसऱ्यांदा ते दुसऱ्याच कामाला आले होते.

मी पुस्तक घेऊन शेडमध्ये गेलो तेव्हा दस्तगीर उठला, रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं धुतले, मग पायजम्याला न पुसता हवेत धरून वाळवले. मग म्हणाला, “उघडा.”

“तुम्ही हात लावलात तरी चालेल.”

“नगं. तुम्हीच उघडा. डाग पडंल.”

तक्ता समोरासमोरच्या दोन पानांवर पसरला होता. डाव्या पानावर इंजिनांची नावं, उजव्या पानावर आकडे. आमचं इंजिन डावीकडे वरून चौथं होतं. मी पट्टी धरली, ओळ उजवीकडे नेली आणि वाचलं.

“पंच्याण्णव.”

“पंच्याण्णव थाऊ?” दस्तगीरनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “लई वाटतंय सर.”

“पुस्तकात आहे.”

“न्हाई, पुस्तकात हाय तर हाय. पण मी आजवर साठाच्या वर गेलो न्हाई.”

“तुम्ही अंदाजानं करत होता ना?” मी म्हणालो. मी, ज्यानं स्वतःच्या घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघितल्याशिवाय कधी पायरी उतरली नाही.

त्यानं मान डोलावली. त्याच्याकडे एक जुनं शेपर मशीन होतं. त्यावर लोखंड रंध्याखालच्या लाकडासारखं निघायचं. दोन दिवस तो हेड घासत होता, मापत होता, पुन्हा घासत होता. मी रोज जाऊन स्टुलावर बसायचो. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी वाचलेल्या एखाद्या गोष्टीचा कुणाला उपयोग होत होता.

हेड तयार झालं त्या दिवशी गेलो, तर तो ओला शाडू मळत होता.

“हे काय, मिस्त्री? गणपती तर होऊन गेले.”

“कुंभारवाड्यातनं आणलाय. पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर शाडूचा गोळा ठेवायचा, वर हेड बसवायचं, हँडल मारून इंजिन हातानं दोन येढं फिरवायचं. मग हेड काढून शाडू पात्यानं चिरायचा. जितका जाड राहिला तितकी आत जागा. पातळ झाला तर समजायचं, टक्कर होणार. माझ्या वस्तादानं शिकवलंय. माती खोटं बोलत न्हाई.”

आणि मी हसलो. मी सहसा हसत नाही, माझे दात बरे नाहीत. पण हसलो.

“दस्तगीरभाई, ज्यांनी इंजिनं बनवली त्यांनी हा आकडा काढलाय. प्रयोगशाळेत. तो छापलाय, त्याची आवृत्ती निघालीय. आणि तुम्ही त्याला मातीनं तपासणार?”

त्यानं हातातला गोळा मळायचं थांबवलं. मग ओशाळून म्हणाला, “तेबी खरंच. छापलेल्याला काय माती लावायची.” आणि तो गोळा त्यानं खिडकीच्या फळीवर ठेवून दिला.

उद्घाटनाला एक माजी उपमंत्री आले होते. पाच भाषणं झाली. वाघजाई म्हणजे अज्ञानाचा डोंगर, अशी उपमा तिघांनी दिली. मग उपमंत्री हार घालूनच पुढे बसले, दस्तगीर चालवायला, मी मागे दोनशे दहा पुस्तकांत. आप्पासाहेब त्यांच्या मोटारीतून पाठीमागे.

पहिलं वळण गेलं. दुसरं वळण, जिथं आम्ही दगड लावत उभे राहायचो, तेही गेलं, आणि इंजिनाला दमही लागला नाही. दस्तगीर आरशातून माझ्याकडे बघून हसला.

“सर! बघताय न्हवं? तिसऱ्या गिअरात हाय! तिसऱ्या!”

“बघतोय,” मी ओरडलो. मी ओरडून बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

तिसऱ्या वळणानंतर त्याचं हसू गेलं. त्यानं मान एका बाजूला कलती केली.

“सर, ऐकू येतंय का?”

मला इंजिन ऐकू येत होतं. त्याला त्यातलं आणखी काही ऐकू येत होतं. मग मलाही आलं. बारीक, नियमित. कुणी आतून चमच्यानं झाकण वाजवावं तसं.

“साहेब, जरा थांबवतो,” तो उपमंत्र्यांना म्हणाला. “तापल्यावर काहीतरी लागाय लागलंय.”

“अहो, वर लोक थांबलेत. चला, चला.”

उपमंत्री चला म्हणाले म्हणून नव्हे, पण चढावर थांबवायला सपाट जागा हवी होती, म्हणून दस्तगीर पुढे गेला. ती चौथ्या वळणावर होती. तिथवर इंजिन पोचलं नाही. आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, मग तेच तुटलेलं तीन-चारदा चिरडल्याचा, आणि मग सगळं शांत. जीप मागे सरू लागली. दस्तगीरनं ब्रेक दाबून तिचं ढुंगण डोंगराकडे वळवलं आणि दरडीला टेकवली. कुणालाही काही झालं नाही. उपमंत्र्यांचा हार तुटला. माझ्या अंगावर ज्ञानाचे दोन कप्पे पडले.

आप्पासाहेबांची मोटार येऊन थांबली. तिच्यामागून माणसं घेऊन आलेली मॅटाडोर थांबली. दहा-पंधरा माणसं जमली. दस्तगीरनं तिथंच हेडचे नट सोडले. हेड उचललं तर एका व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलं होतं, आणि हेडच्या आतल्या बाजूला, जिथं व्हॉल्व्ह येऊन आपटत होता, तिथं चकचकीत चंद्रकोर उमटली होती.

“काय केलंस हे?” आप्पासाहेब म्हणाले.

“हेड जास्त घासलं गेलं.”

“जास्त घासलं गेलं! सगळ्या तालुक्यासमोर माझी अब्रू घालवलीस, आन् घासलं गेलं म्हणतोस? आपोआप घासलं गेलं काय? किती घासायचं ते कुणी सांगितलं तुला?”

मी मागच्या फळीवर उभा होतो. हातात पडलेली पुस्तकं होती. दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथं असल्याचंही त्यानं दाखवलं नाही.

“आकडा पुस्तकातला हाय,” तो म्हणाला. “पुस्तक बरोबर हाय, आप्पासाहेब. माझ्याच हातनं चुकलं असणार.”

“मग पंक्चरच काढ आयुष्यभर. दूध संघाच्या गाड्यांना हात लावलास तर बघ.”

मॅटाडोरवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “पुस्तकी मिस्त्री!” आणि हशा झाला. ते नाव गावात पोचायला आमच्यापेक्षा कमी वेळ लागला.

मी काय करत होतो? मी पुस्तकं मोजत होतो. दोनशे दहाच्या दोनशे दहा भरली. तसा अहवालही दिला.

एवढं मात्र माझ्या बाजूनं नोंदवतो की घाटात मला माहीत नव्हतं. माझा पुस्तकावर विश्वास होता आणि दस्तगीरचाही होता. तो म्हणाला हात चुकला, मला ते पटलं. खालच्या वर्गात बसलेल्याचं चुकतं, हे आपल्याला नेहमी लवकर पटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय बंद असताना मी पुस्तक जागेवर ठेवायला घेतलं. सहज उघडलं. डाव्या पानावर तक्त्याखाली एक वाक्य होतं. पानाच्या तळाशी ते अर्धवट राहिलं होतं. उजव्या पानावर ते पुढे जात नव्हतं. तिथं वेगळंच वाक्य मधूनच सुरू होत होतं. मी पानांचे क्रमांक बघायला गेलो. क्रमांक नव्हते. सरळ कडा कापण्याच्या हौसेत मी ते स्वतः कापून टाकले होते.

मग ते वाक्य शोधत गेलो. तीन पानं पुढे सापडलं. बांधताना माझ्या हातून पानं मागे-पुढे शिवली गेली होती. आमच्या जीपचं नाव डावीकडे होतं, आणि त्याच्यासमोर मी कुठल्यातरी मालमोटारीचे आकडे बांधले होते. आमचा आकडा खऱ्या पानावर चौथ्या ओळीत होता. साठ.

दस्तगीर आजवर ज्याच्या वर गेला नव्हता, तोच.

मी पुस्तक मिटलं, कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि तीनदा ओढून बघितलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. निळ्या आंतर्देशीय पत्रावर, रेघा पेन्सिलीनं आखून, वळणदार नसलेल्या पण एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरात.

“पुसाळकर सर यांना दस्तगीरचा नमस्कार. मी खुशाल आहे. तुम्ही एक काम करावे. पुस्तकात आकडा पंच्याण्णवच होता का, ते एकदा बघून कळवावे. असला तर माझ्या हातून जास्त निघाले असणार. आप्पासाहेबांनी हेड भंगारात घातले, त्यामुळे मोजता येत नाही. मी पंच्याण्णवच काढले असे मला वाटते, पण माझी आता खात्री नाही. मशीन बंद ठेवले आहे. शिरोळला मेव्हण्याचे पंप दुरुस्तीचे दुकान आहे, तो बोलावतो. तुमचे उत्तर आल्यावर काय ते ठरवतो. खाली त्याचा पत्ता देतो, कारण इथे कधी असतो कधी नसतो. पुस्तकाला माझ्या हाताचे तेल लागले असल्यास माफी असावी.”

उत्तर एका ओळीचं होतं. मी सात मसुदे केले. एकात मी मुद्रणकलेच्या इतिहासापासून सुरुवात केली. एकात चुका होणं ही मानवजातीची खूण आहे, असा विचार होता. तो मला बराच आवडला. दोन मसुद्यांत ‘आपल्या दोघांकडून’ असा शब्दप्रयोग आला. सातव्यात मी खरं ते लिहिलं, आणि मग मनात आलं, आप्पासाहेबांना कळलं तर? मंडळाला कळलं तर? कोल्हापूरहून लोक यायचे त्यांना कळलं तर? मी सातही मसुदे फाडले आणि दस्तगीरचं पत्र त्या पुस्तकातच ठेवलं, जिथं पंच्याण्णव वाचलं होतं त्या पानावर.

मार्चमध्ये दस्तगीरनं शेपर मशीन विकलं. शेडमध्ये कुणीतरी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घातलं. मी एकदा तिथं रस प्यालो. खिडकीच्या फळीवर शाडूचा गोळा तसाच होता, वाळून दगड झालेला.

जीप आप्पासाहेबांनी परत नेली. फिरतं वाचनालय फिरलं नाही. मला पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल शाल मिळाली.

गेल्या महिन्यात वाचनालयातून फोन आला. हल्ली वैजयंती पाटोळे नावाची बाई ग्रंथपाल आहे. जुनी पुस्तकं काढून टाकायची आहेत म्हणाली.

“सर, एक इंजिनाचं पुस्तक आहे. बांधणी काय सुंदर आहे हो! रद्दीत घालवत नाही. तुम्हाला हवंय का?”

“नको,” मी घाईनं म्हणालो.

“आत एक पत्र आहे,” ती म्हणाली. “मी वाचलं, सॉरी. मग आवक नोंदवही काढून बघितली. तिथं ‘उत्तर देणे’ असं आहे, पेन्सिलीनं.”

“हो.”

“दिलं होतंत का, सर?”

एक्केचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर दिलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. आता विचारला होता.

“उद्या येतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो. पुस्तक उघडून आधी डावं पान बघितलं, मग तीन पानं पुढे जाऊन खरं पान बघितलं. मग परत. मग पुन्हा एकदा. वैजयंतीनं चहा मागवला. तिच्याच टेबलावर मी पोस्टकार्ड लिहिलं. पाकीट तिनं पुढे केलं होतं, पण दस्तगीरबद्दल जे बोललं गेलं होतं ते उघड्या घाटात, पंधरा माणसांसमोर बोललं गेलं होतं. निदान हे पोस्टमननं तरी वाचावं.

“शिकलगार मिस्त्री, आकडा साठ होता. पानं मी चुकीची बांधली होती. तुम्ही पंच्याण्णवच काढलं, अगदी बरोबर काढलं. तुमचा हात चुकला नव्हता. माती लावू दिली नाही तीही चूक माझी. पुस्तकाला तेल लागलेलं नाही. रा. वि. पुसाळकर.”

पत्रातला पत्ता बघून लिहिलं, ‘दस्तगीर शिकलगार, मेव्हण्याच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात, किंवा घरचे जे कोणी असतील त्यांना, शिरोळ.’

मग नोंदवही मागून घेतली. चौदा नंबरसमोरची पेन्सिल खोडली आणि तिथं शाईनं लिहिलं, ‘उत्तर दिले’, खाली तारीख. अजून दिलं नव्हतं. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. मी माणसाला एक्केचाळीस वर्षं ताटकळत ठेवू शकतो. नोंदवहीत खोटी नोंद राहू देऊ शकत नाही.

पोस्ट वाचनालयासमोरच आहे. पेटीच्या फटीत कार्ड अर्धं आत गेलं आणि मला नेहमीची शंका आली. साठच होता ना? परत जाऊन एकदा बघून यावं का? समोरच तर आहे.

खिडकीतून वैजयंती बघत होती. मी कार्ड सोडलं.